बटवडा, उचल आणि हजेरी : सोलापुरातील एका नव्या कारखान्याचे पहिले वर्ष

पुण्यातील नऊ वर्षांची नोकरी सोडून २०२३ च्या जुलै महिन्यात मी सोलापूरला परत आले. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत नुकत्याच सुरू होऊ घातलेल्या एका कंपनीने मनुष्यबळाचे काम माझ्याकडे सोपवले होते. दोघा चुलत भावांनी बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये गणवेश शिवण्याचा कारखाना काढला होता. शाळा, रुग्णालये आणि हॉटेले ही त्यांची गिऱ्हाइके. मी रुजू झाले त्या दिवशी शिलाई यंत्रे अजून खोक्यांत होती, भिंतींना ओल्या चुन्याचा वास येत होता आणि मनुष्यबळ विभाग म्हणजे मी, एक टेबल व किल्ली हरवलेले एक लोखंडी कपाट, एवढाच होता.

दोघा भावांपैकी थोरल्यांना सगळे अण्णा म्हणत. पहिल्याच बैठकीत मी वर्षभराच्या कामाची लांबलचक यादी त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा ती शांतपणे वाचून ते म्हणाले, ‘‘ताई, माणसं आपलीच आहेत की ओ. शंभर होऊ देत, मग बघू हे सगळं.’’ मी मनातल्या मनात त्यांना जुन्या वळणाचे मालक ठरवून टाकले. पुण्यातल्या कंपनीत मनुष्यबळ विभागात चौदा जण होते, धोरणांची पुस्तिका शंभर पानांची होती आणि ती पुस्तिका माझ्या लॅपटॉपमध्ये होती. नावे बदलली की काम झाले, असे मला खरोखरच वाटत होते.

‘शंभर झाल्यावर बघू’ हे मात्र कायद्याला मान्य नव्हते. कंपनीच्या नोंदणीच्या अर्जाबरोबरच हल्ली भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा या दोन्हींचे संकेतांक मिळतात. त्यामुळे एकही कामगार नसताना आमच्याकडे पीएफ आणि ईएसआयचे क्रमांक तयार होते. प्रत्यक्ष जबाबदारी मात्र माणसांच्या संख्येप्रमाणे चढत जाते. मी कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने खडूने चार आकडे लिहून ठेवले : १०, २०, ३०, ५०. दहा माणसे झाली की ईएसआय, ग्रॅच्युइटीचा कायदा आणि महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. वीस झाली की पीएफ आणि बोनसचा कायदा. शिवाय महाराष्ट्रात विजेवर चालणाऱ्या उद्योगाला कारखाना म्हणून परवाना लागतो तोही विसांवरच. तिसांपेक्षा जास्त स्त्रिया झाल्या की पाळणाघर. पन्नास झाली की राज्यातील स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींची लेखी नियमावली, लागू. हे २०२३ चे आकडे आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि त्यांतले काही उंबरठे सरकले. स्थायी आदेशांचा तर थेट तीनशेवर गेला. आम्ही त्या वेळच्या शिडीने चढलो, आणि पायरी चढण्याच्या महिनाभर आधी तिची तयारी करायची एवढा एक नियम मी पाळला. वर्षभरात माझे जे थोडे निर्णय बरोबर ठरले, त्यांत हा एक.

भरतीपासूनच माझ्या पुस्तिकेचे हसे व्हायला सुरुवात झाली. नोकरीच्या संकेतस्थळावर जाहिरात दिली तर शिलाई कारागिरांच्या जागेसाठी अभियांत्रिकीचे पदवीधर आले. त्यांतल्या दोघांनी पुण्यात जागा आहे का असेही विचारले. ज्यांना ओव्हरलॉक आणि काज-बटण येते ती माणसे संकेतस्थळावर नव्हती. ती नीलम नगरात, अशोक चौकाच्या मागच्या गल्ल्यांत, विडी घरकुलात आणि कुंभारीच्या बाजूला होती आणि त्यांना नोकरीची बातमी शेजारणीकडून कळत असे. आमच्या कटिंग मास्तरांच्या पत्नीने एका रविवारी पाच जणींना सांगितले. सोमवारी सकाळी फाटकापाशी एकोणीस जणी उभ्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणी काही वर्षे विड्या वळलेल्या किंवा विडी कामगारांच्या लेकी-सुना होत्या. घरात तेलुगू, दुकानात मराठी आणि शेजारी कन्नड अशा तीन भाषांत त्यांचा दिवस जात असे. मुलाखत घेण्याऐवजी मी प्रत्येकीला कापडाचा एक तुकडा दिला आणि सरळ शिलाई, कॉलर व खिसा एवढे करून मागितले. वीस मिनिटांत जे कळले ते अर्जाच्या चार पानांतून कळले नसते. या पद्धतीतला एक दोष उशिरा लक्षात आला. ओळखीतून माणसे आली की एका गल्लीतली, एका नात्यातली येतात, आणि एका लग्नाला अख्खी रांग रजेवर जाते. दुसऱ्या तुकडीपासून मी मुद्दाम वेगवेगळ्या वस्त्यांत सूचना लावल्या.

मग नेमणूकपत्रे. पुण्याहून आणलेला नमुना इंग्रजी होता आणि अकरा पानांचा होता. त्यात गोपनीयतेवर दीड पान होते. आमच्याकडे गोपनीय असे फक्त शर्टाच्या पाठीचे माप होते. पहिल्या दिवशी एका चाळिशीच्या कारागीर बाईंनी तो गठ्ठा उलटसुलट करून मला विचारले, ‘‘अक्का, यात माझा पगार कुठं लिहिलाय?’’ तो सातव्या पानावर होता. मी अकराही पाने परत घेतली आणि त्या आठवड्यात मराठीत दोन पानांचे पत्र लिहिले. पहिल्याच परिच्छेदात नाव, काम, पगार आणि पगाराचा दिवस. मग कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, रजा, जादा कामाचा दर आणि नोकरी सोडताना द्यायची मुदत. ‘परिवीक्षाधीन’ हा शब्द मी तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला, कारण प्रत्येकीला तो समजावून सांगताना मी शेवटी ‘‘कायम व्हायच्या आधीचे सहा महिने’’ असेच म्हणत होते. तेव्हा पत्रातही तेच लिहिले. ते पत्र प्रत्येकीला मोठ्याने वाचून दाखवायचे, तेलुगूत सांगायला रांगेतलीच एखादी मुलगी बसवायची आणि नंतरच सही घ्यायची, अशी पद्धत पडली. वकिलांनी पत्र तपासून दोन वाक्ये वाढवली आणि भाषा ‘फार सोपी’ असल्याची तक्रार केली. ती मी प्रशस्ती म्हणून जपून ठेवली आहे.

सर्वांत मोठी फजिती हजेरीच्या यंत्राची झाली. बोटाच्या ठशावर चालणारे यंत्र फाटकाजवळ मोठ्या हौसेने बसवले होते. पहिल्या सकाळी रांगेतल्या तेवीस जणींपैकी सात जणींचे ठसे यंत्र घेईना. आधी वाटले यंत्र बिघडले. मग वाटले हातांना तेल लागले असेल, म्हणून मी सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावले. तरीही तेच. शेवटी त्यांतल्या सर्वांत वडील बाई माझ्यासमोर दोन्ही हात पसरून म्हणाल्या, ‘‘अक्का, वीस वर्षं पानं कातरली, विड्या वळल्या. बोटावर रेघ राहिलीय कुठं?’’ त्यांची बोटांची टोके खरोखरच गुळगुळीत होती. रेशनच्या दुकानात आणि बँकेतही त्यांना याच कारणाने ताटकळावे लागे, हे नंतर समजले. त्या दिवशी सात जणींना दहा-पंधरा मिनिटे उशीर लागला तो यंत्राच्या नोंदीत तसाच राहिला आणि माझ्या नव्या नियमाप्रमाणे त्यांचा अर्धा दिवस कापला जाणार होता. मी नियम बाजूला ठेवला, साधे हजेरीपुस्तक आणले आणि महिन्याभरात गळ्यातल्या कार्डावर चालणारे यंत्र घेतले. हजेरीपुस्तक मात्र बंद केले नाही. आजही यंत्राच्या नोंदी आणि पुस्तक दर शनिवारी ताडून पाहिले जातात, आणि खाडा कुणाचा किती हे त्याच दिवशी फळ्यावर लागते. महिनाअखेरीस वाद घालायला काही उरत नाही.

आता पगाराकडे येते, कारण पहिल्या वर्षातली खरी लढाई तिथे झाली. यंत्रमागावर आणि विडीच्या धंद्यात आठवड्याचा हिशेब आठवड्याला होतो. त्याला इकडे बटवडा म्हणतात. घराचे गणित बटवड्याला बांधलेले असते : किराणा, भिशी, मुलाची शिकवणी, सगळे आठवड्याच्या मापाने. आम्ही मात्र महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला, तोही बँकेत देणार होतो. एक हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत वेतन द्यावे असे तेव्हाचा कायदा सांगत होता, म्हणजे आम्ही नियमाच्या दोन दिवस पुढेच होतो. पण ऑगस्टच्या मध्यावर कामाला लागलेल्या माणसाला पाच सप्टेंबरपर्यंत घर कशावर चालवायचे, हा प्रश्न कायद्याने सोडवलेला नव्हता. पहिल्या पंधरवड्यात चार जण याच कारणाने सोडून गेले. त्यातल्या एकानेही तसे सांगितले नाही. गावाला जायचे आहे, आईला बरे नाही, अशी कारणे दिली. खरे कारण मास्तरांकडून कळले.

त्यातच उचलीचा प्रश्न आला. मागावरचा एक जुना कामगार कटिंगसाठी आला होता, हात फार चांगला. त्याने रुजू होण्यापूर्वीच वीस हजारांची उचल मागितली. नवा मालक जुन्या मालकाची उचल फेडून माणूस घेतो, ही मागावरची रीत त्याला इतकी स्वाभाविक होती की मी नकार दिल्यावर कंपनीचीच ऐपत नसावी असे त्याला वाटले. धाकट्या भावांचे मत होते की एकही रुपया आगाऊ द्यायचा नाही. अण्णांचे मत होते की मागेल त्याला द्यावे, माणूस बांधला जातो. मला दोन्ही पटत नव्हते. बांधला जातो हेच तर वाईट होते. उचल फिटेपर्यंत माणूस जागा सोडू शकत नाही, पगार वाढवून मागू शकत नाही, आणि उचलीचा आकडा मालकाच्या वहीत असतो, त्याच्याकडे नसतो. पण गरज खोटी नव्हती. नाही म्हटले तर ती सावकाराच्या दारात जाते, हे सोलापुरात कुणाला सांगावे लागत नाही.

बऱ्याच वादावादीनंतर दोन गोष्टी ठरल्या. दर महिन्याच्या वीस तारखेला त्या महिन्याच्या पगारातले तीन हजार रुपये आधी द्यायचे. कामगारांनी त्याला लगेच ‘मधला बटवडा’ असे नाव दिले आणि तेच नाव पगाराच्या चिठ्ठीवर छापले गेले. दुसरे असे की तीन महिने पूर्ण झालेल्या कुणालाही एका पगाराइतकी उचल बिनव्याजी मिळेल, ती सहा हप्त्यांत फिटेल, एक फिटल्याशिवाय दुसरी मिळणार नाही, आणि शिल्लक किती हे दर महिन्याच्या चिठ्ठीवर लिहिलेले असेल. पगारातून एकूण कपात निम्म्याहून जास्त होऊ द्यायची नाही, ही वेतन प्रदान कायद्याची मर्यादा आम्ही त्यातच लिहून टाकली. सोडून जायचे असेल तर उरलेली रक्कम शेवटच्या हिशेबात वळती होते. माणूस अडकत नाही. तो कटिंगवाला तेव्हा निघून गेला होता. पाच महिन्यांनी परत आला आणि तीन महिने भरल्यावर बारा हजारांची उचल घेतली.

पहिल्या पूर्ण पगाराच्या दिवशी, पाच ऑक्टोबरला, दुपारच्या सुट्टीत माझ्या टेबलाभोवती गर्दी झाली. कुशल कारागिरांचा पगार चौदा हजार ठरला होता आणि मधल्या बटवड्यासह खात्यात आले होते १२,२१५. पुरुषांच्या खात्यात तर १२,०१५. ‘‘बायकांना दोनशे जास्त का?’’ हा पहिला प्रश्न इस्त्री विभागातून आला आणि तो बराच तापलेला होता. राज्य सरकारने २०२३ पासून दरमहा पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय करातून वगळले आहे, पुरुषांना मात्र दहा हजारांवर दरमहा दोनशे रुपये द्यावे लागतात आणि फेब्रुवारीत तीनशे, हे मी सांगितले. तो कर कंपनी घेत नाही हे पटवायला सरकारी चलनाची प्रत भिंतीवर लावावी लागली. एका इस्त्रीवाल्या दादांनी शेवटी ‘‘म्हणजे फेब्रुवारीत पुन्हा भांडायला यायचं’’ असे म्हणून विषय मिटवला. फेब्रुवारीत ते खरोखर आले, पण हसत आले.

बाकीच्या कपातीचा हिशेब मी फळ्यावर मांडला. पीएफ बारा टक्के, म्हणजे १,६८०. ईएसआय पाऊण टक्का, म्हणजे १०५. मग दुसऱ्या बाजूला कंपनी काय भरते तेही लिहिले. तिच्याकडून पीएफचे तेवढेच १,६८०, ज्यातले पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे १,१६६ रुपये निवृत्तिवेतनाच्या योजनेत आणि उरलेले ५१४ खात्यात जातात; ईएसआयचे सव्वातीन टक्के, म्हणजे ४५५; विमा आणि प्रशासन खर्च मिळून १४०. म्हणजे चौदा हजारांच्या माणसामागे कंपनीचे १६,२७५ जातात आणि त्याच्या हातात १२,२१५ येतात. मधल्या चार हजार साठ रुपयांचे काय, हाच खरा प्रश्न होता, आणि तो मी लपवण्याऐवजी फळ्यावर लिहिला याचे धाकट्या भावांना वाईट वाटले. कंपनीचा खर्च कामगारांना का सांगायचा, असे त्यांचे म्हणणे होते. माझे म्हणणे असे की ज्याचे पैसे कापले जातात त्याने कंपनीही भरते हे पाहिले नाही, तर कपात ही त्याला चोरीच वाटणार. तो फळा आजही तिथेच आहे. आकडे बदलतात, मांडणी तीच.

पीएफ भरणे सोपे, पण पीएफ माणसाच्या नावावर नीट लावणे हे काम माझ्या अंदाजापेक्षा चौपट निघाले. तेलुगू आडनावे इंग्रजीत लिहिताना प्रत्येक कारकुनाने आपापल्या कानाने लिहिलेली असतात. आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरे, बँकेच्या पासबुकात तिसरे. त्यात लग्नानंतर बदललेली नावे आणि शाळेच्या दाखल्यावरची वेगळी जन्मतारीख. पहिल्या चाळीस जणांपैकी सोळा जणांची माहिती एकमेकांशी जुळत नव्हती. मी दोन आठवडे फक्त आधार दुरुस्ती केंद्र, बँक आणि पीएफच्या नोंदी दुरुस्त करण्यासाठी कामगार व कंपनीने मिळून द्यायची संयुक्त घोषणापत्रे यांच्यातच होते. तेव्हापासून नियम केला : रुजू होण्याच्या दिवशी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहायचे आणि फरक असेल तर पहिल्या महिन्यातच दुरुस्त करायचा, कारण माणसाला पैसे काढायची वेळ आली की तेव्हा दुरुस्तीला सवड नसते.

याच कामात एक गोष्ट हाती लागली. हातांवर रेघ न राहिलेल्या त्या बाईंनी ‘पूर्वी पीएफ होता का’ या रकान्यापुढे ‘नाही’ असे लिहिले होते. बोलता बोलता त्यांनी सांगितले की विडी कारखान्यात काहीतरी कापत असत, पण ते बुडाले असेल. मी घरी पाहायला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्याच्या डब्यातून घडी घातलेली एक पावती आणली. तिच्यावर खाते क्रमांक होता. चौकशीअंती सात वर्षांची सेवा निघाली आणि तिचे पैसे काढलेले नव्हते. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. जुने खाते जोडले तर त्यांना आमच्याकडे तीनच वर्षे काढायची होती, न जोडले असते तर पुन्हा पहिल्यापासून दहा. त्या एकावन्न वर्षांच्या होत्या. त्यांचे काम झाल्याची बातमी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोचली आणि पुढच्या आठवड्यात माझ्या टेबलावर अशा अकरा जुन्या पावत्या जमल्या. त्यांतल्या सहा उपयोगी पडल्या. माझ्याकडे तोपर्यंत फक्त हजेरी आणि कपातीसाठी येणारी माणसे त्यानंतर इतर गोष्टींसाठीही येऊ लागली.

सुट्ट्यांच्या यादीची चूक सांगायला मला अजूनही लाज वाटते, कारण मी इथलीच आहे. पुण्याची यादी मी तशीच उचलली होती आणि तिच्यात अनंत चतुर्दशी होती, पण नारळी पौर्णिमा नव्हती. त्या दिवशी मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव निघतो आणि शहराचा पूर्व भाग रस्त्यावर असतो, हे लहानपणापासून पाहिलेले मी कसे विसरले देवजाणे. कारखाना सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. तेवीसपैकी चार जणी कामाला आल्या, त्यातली एक चुकून. बाकीच्यांचा खाडा मांडायचा की नाही यावर मी संध्याकाळपर्यंत विचार केला आणि ती भरपगारी सुट्टी ठरवून अनंत चतुर्दशी काढून टाकली. पुढच्या वर्षाची यादी मी एकटीने केली नाही. प्रत्येक रांगेतून एकेक माणूस बसवला. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेला जानेवारीत किती दिवस हवेत, यावर दीड तास चर्चा झाली; अक्षता सोहळ्याची आणि संक्रांतीची अशा दोन सुट्ट्या ठरल्या आणि त्यांतल्या एकीच्या बदल्यात एका रविवारी काम. रमजान ईदची सुट्टी चंद्रावर ठरते म्हणून ती यादीत तारखेशिवाय लिहिली गेली.

महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे नेमली. अध्यक्षपद वरिष्ठ पदावरील स्त्रीकडे असावे लागते. आमच्याकडे तशी मी एकटीच, म्हणून ते माझ्याकडे आले. पगार कापणारी आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती एकच असणे मला बरे वाटत नव्हते. वर्षभरानंतर दर्जा तपासणी विभागाच्या प्रमुख म्हणून एक अनुभवी बाई आल्या तेव्हा मी ते पद त्यांच्याकडे दिले. बाहेरच्या सदस्य म्हणून महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एका संस्थेतील कार्यकर्त्या आल्या आणि त्यांनी पहिल्याच सभेत कायद्याच्या आधी बोलण्याचा विषय काढला. आमचे पर्यवेक्षक वयाने लहान होते आणि आईच्या वयाच्या कारागिरांना सर्रास ‘ए’ म्हणून हाक मारत. हे कायद्यातल्या व्याख्येत बसत नाही, पण ज्या ठिकाणी ‘ए’ चालते तिथे पुढचेही चालते, असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून रांगेत ‘अक्का’, ‘ताई’, ‘मावशी’ आणि ‘तुम्ही’ एवढेच, असा लेखी आदेश निघाला. मी काढलेल्या सगळ्या आदेशांत सर्वांत छोटा हाच होता, आणि सर्वांत जास्त विरोधही यालाच झाला.

स्त्रियांची संख्या चौतीस झाली तेव्हा पाळणाघराची पायरी आली. अण्णांनी खर्चावर कुरकुर केली, पण खोली स्वतः निवडली : उत्तरेकडची, कारण मे महिन्यात इथला पारा चाळिशीच्या वर जातो आणि पश्चिमेच्या खोलीत मूल झोपणे शक्य नाही. पहिले दोन महिने तिथे दोनच मुले होती. घरी सासू आहे, मग कशाला, असे बायका म्हणत. सांभाळायला ठेवलेल्या बाई तेलुगू बोलणाऱ्या आहेत हे कळल्यावर संख्या नऊ झाली, आणि त्या महिन्यात खाडेही कमी झाले. कमी झाल्याचा आकडा मी अण्णांना दाखवला. त्यांनी काही न बोलता पाळणाघरासाठी कूलर मागवला.

दिवाळी आली तशी बोनसची कुजबुज सुरू झाली. बोनसच्या कायद्यात नव्या कंपनीला सवलत आहे : विक्री सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत, ज्या वर्षी नफा होईल त्याच वर्षी बोनस द्यावा लागतो. आमचा नफा तेव्हा कागदावरही नव्हता. तरी दिवाळीला रिकाम्या हाताने माणूस घरी पाठवायचा नाही यावर दोघे भाऊ एकमतात होते, आणि बहुधा त्या वर्षात तेवढ्याच एका गोष्टीवर. दोन हजार रुपये आणि मिठाईचा पुडा दिला. चिठ्ठीवर ‘सानुग्रह रक्कम’ असे लिहिले, कारण ‘बोनस’ लिहिले असते तर पुढच्या वर्षी त्याचा हक्क सांगता आला असता. हे मी कामगारांनाही तसेच सांगितले. लपवून उपयोग नव्हता.

शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून गणवेशाच्या धंद्यात एप्रिल आणि मे हे धावपळीचे महिने. २०२४ च्या मे महिन्यात उन्हामुळे आम्ही पाळी सकाळी सातची केली आणि तरीही जादा काम करावे लागले. जादा कामाचा दर दुप्पट. चौदा हजारांना सव्वीस दिवसांनी आणि आठ तासांनी भागले की तासाचे ६७ रुपये ३१ पैसे येतात, त्याचे दुप्पट १३४ रुपये ६२ पैसे. महिन्यात वीस तास जादा केलेल्यांना २,६९२ रुपये जास्त मिळाले. पाच जूनला चिठ्ठ्या वाटल्या आणि मी शांतपणे जेवायला बसले होते, तेव्हा पत्र्याच्या डब्यातली पावती आणणाऱ्या त्याच बाई चिठ्ठी घेऊन आल्या.

‘‘अक्का, ईएसआय चुकलंय.’’

जादा कामाच्या रकमेवर तेव्हा ईएसआय लागे, पीएफ लागत नसे, हे सांगायला मी तोंड उघडले, तर त्या म्हणाल्या की ते त्यांना माहीत आहे. त्यांनी नातवाकडून मोबाइलवर हिशेब करून घेतला होता. सोळा हजार सहाशे ब्याण्णवचा पाऊण टक्का १२५ रुपये १९ पैसे होतो; चिठ्ठीवर कपात १२६ होती.

‘‘एकोणीस पैशांचा अख्खा रुपया कसा झाला?’’

पैशांत निघालेली रक्कम पुढच्या पूर्ण रुपयात धरायची, असा ईएसआयचा नियम आहे. मी तसे सांगितले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि तो नियम कुठे लिहिला आहे ते दाखवा म्हणाल्या. डबा बंद करून मी कपाट उघडले, फाइल काढली आणि आम्ही दोघी तो नियम शोधत बसलो.